भुंग्याचं अंथरूण

मल्लिकार्जुनअप्पा हे पंचायत समितीच्या कचेरीतले आवक-जावक कारकून. पट्टी न लावता सरळ रेघ मारावी तर त्यांनीच, असा धाराशिवात त्यांचा लौकिक होता. डोक्यावर काळी टोपी, अंगात कोट, हातात छत्री, आणि बोलणं मोजकं. अशा माणसानं भर दुपारी लोकांच्या दारात उभं राहून "तुमच्याकडं उंदराचं एखादं रिकामं घर आहे का हो?" असं विचारत हिंडावं, हे कुणाला खरं वाटणार नाही. पण अप्पा हिंडले. आणि हिंडले ते एका भोपळ्याच्या वेलापायी.

वेल शिवकांताबाईंचा, म्हणजे अप्पांच्या कुटुंबाचा. परसात न्हाणीच्या पाण्यावर लावलेला. काय माजला म्हणता! मांडव पुरेना म्हणून शेजारच्या कमलबाईंच्या भिंतीवर चढला. पानं ताटाएवढी, आणि सकाळी बघावं तर सगळी भिंत पिवळ्या फुलांनी भरलेली. पण भोपळा एक धरेल तर शपथ. फुलामागं सुपारीएवढं फळ दिसायचं, शिवकांताबाई हरखून अप्पांना बोलवायच्या, आणि चार दिवसांत ते पिवळं पडून खाली यायचं.

कमलबाई बाई वाईट नव्हत्या. अडल्यानडल्याला पहिल्यांदा धावून यायच्या. फक्त तोंडाला झाकण नव्हतं. एका सकाळी भिंतीवरून वाकून त्या म्हणाल्या, "फुलोरा लई हाय बाई, पर फळ न्हाय. असतंय, ज्याच्या त्याच्या हाताचा गुण असतोय."

शिवकांताबाईंना मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल गल्लीत कुणी बोलत नसे, कारण बोलायचं ते सगळं बोलून झालं होतं. पण हे वाक्य भिंतीवरून आलं आणि थेट जाऊन लागलं. आत आरशापुढं दाढी करणाऱ्या अप्पांचा वस्तरा हनुवटीवर घसरला. शिवकांताबाईंनी हातातली घागर खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि आत निघून आल्या. त्या दिवसापासून न्हाणीचं पाणी वेलाकडं न जाता मोरीतून सरळ बाहेर जाऊ लागलं.

"अगं, वेलाला पाणी?" अप्पांनी भीतभीत विचारलं.

"राहू द्या. त्या वेलाचं नाव काढू नका माझ्यापुढं."

अप्पांनी नाव काढलं नाही. पण रोज पहाटे अंघोळीच्या आधी ते चोरासारखे परसात जात आणि तांब्यातांब्यानं वेलाला पाणी घालत. आणि घालता घालता त्यांनी मनाशी ठरवून टाकलं, की बास, ह्या वेलाला एक भोपळा धरलाच पाहिजे. जास्त नको, एक. शिवकांताच्या हातचा. पुढचं कमलबाई बघून घेतील.

कचेरीत शेतीचे विस्तार अधिकारी होते नारायणराव. पुण्याकडून नुकतेच बदलून आलेले, आणि ही बदली आपल्या कुठल्या पापाचं फळ आहे याचा शोध घेण्यात गुंतलेले. अप्पांनी त्यांना वेलाची हकिकत सांगितली, अर्थातच 'माझे एक परिचित आहेत' अशी सुरुवात करून. नारायणरावांनी चष्मा काढला. "शास्त्रीयदृष्ट्या सांगायचं तर परागीभवन होत नाही. एका फुलातला पराग दुसऱ्या फुलात न्यायला भुंगे लागतात. ते तुमच्याकडे नाहीत."

अप्पांना हा साऱ्या मराठवाड्याचा अपमान वाटला. "आमच्याकडं भुंगे न्हाईत? साहेब, निजामाच्या काळापासून आहेत!"

"मग बोलवा त्यांना," नारायणराव म्हणाले आणि कपाटातून त्यांनी एक पुस्तिका काढून दिली. 'भुंग्यांसाठी पेटी'. कुठल्यातरी थंड मुलखातल्या माहितीचं ते सरकारी भाषांतर होतं. पहिल्याच पानावर भुंग्याचं चित्र होतं, चांगला गुबगुबीत, अंगभर लोकरीचा स्वेटर घातल्यासारखा. अप्पांना वाटलं, थंडीतला भुंगा, घालत असेल. आपला बिनस्वेटरचा. एवढाच काय तो फरक.

पुस्तिकेचं म्हणणं असं होतं, की लाकडाची एक पेटी करावी, तिला एक भोक ठेवावं आणि आत भुंग्यासाठी मऊ अंथरूण तयार करावं. वाळवलेलं शेवाळ घ्यावं. धुऊन धुऊन विरलेल्या सुती कापडाचे धागे पिंजून त्यात मिसळावेत. आणि सर्वांत उत्तम म्हणजे उंदरानं सोडून दिलेलं घरटं आणून मधोमध ठेवावं, कारण त्या मुलखातली भुंग्याची राणी उंदराच्या जुन्या बिळातच संसार थाटते. अप्पांनी हे सगळं दोनदा वाचलं. भाषांतर सरकारी होतं, त्यावर शिक्का होता; तेव्हा शंका घेण्याचा प्रश्नच नव्हता.

पेटीचं काम सोपं गेलं. सुतारानं फक्त विचारलं, "कोंबड्याला व्हय?" अप्पा म्हणाले, "भुंग्याला." सुतारानं पेटीचं माप घेण्याआधी अप्पांकडंच बराच वेळ बघितलं आणि मग आंब्याची एक जुनी जाडजूड फळी घेऊन मुकाट्यानं कामाला लागला.

शेवाळासाठी अप्पा येडशीला गेले. तिथं रामलिंगाच्या दरीत ओढ्याकाठचे दगड हिरवेगार असतात. देवाला हात जोडून अप्पांनी कोट काढला, धोतर खोचलं आणि एकेक दगड खरवडून पिशवीभर शेवाळ गोळा केलं. एका यात्रेकरूनं विचारलं, "कशाचं औषध हाय पाव्हणं? सांधेदुखीचं?" अप्पांनी मान हलवली. त्याबरोबर त्या माणसानंही खरवडायला सुरुवात केली, आणि त्याचं बघून आणखी दोघांनी. तिथं पुढं काही दिवस गुडघ्याला शेवाळ बांधलेली माणसं दिसत होती म्हणतात. अप्पा मात्र पायऱ्या चढून वर आले, तोच झाडावरून एका माकडानं उडी टाकून पिशवी हिसकली. आत खोबरं नाही, केळं नाही, हे बघून त्याला इतका राग आला, की त्यानं मूठमूठ शेवाळ अप्पांच्या टोपीवर फेकून मारलं. टोपीवरचं तेवढंच घेऊन अप्पा एसटीत बसले. शेजारच्या बाईनं आपलं लेकरू त्यांच्यापासून ओढून घेतलं.

आता उंदराचं घरटं. गल्लीत विचारून झालं, पण नीटनेटक्या माणसाला कुणी असलं काही देईना. शेवटी अप्पांना आपल्या कचेरीचाच दप्तरखाना आठवला. तिथं निजामाच्या वेळच्या उर्दू मिसलींचे, म्हणजे जुन्या फायलींचे, ढीग होते आणि त्यांत उंदरांच्या पिढ्यान् पिढ्या सुखानं नांदत होत्या. दप्तरदार बाबूराव त्या खोलीचे मालक असल्यासारखे वागत. अप्पांनी एका खालच्या फळीवरून मऊ मऊ कपट्यांचा एक सुरेख गोळा उचलला, तोच बाबूराव आडवे आले.

"अप्पा, हे काय हाय?"

"उंदराचं घर. रिकामंच आहे."

"आन् कागद कुणाचा?"

"सरकारचा."

"मग ही मिसल झाली की. कुरतडली म्हणून काय झालं? मिसल ती मिसलच. अशी बगलेत मारून न्यायला ही काय भाजी हाय? अर्ज करा."

अप्पांचं सारं आयुष्य दुसऱ्यांकडून अर्ज मागण्यात गेलं होतं. त्यांनी अर्ज लिहिला. कारण काय लिहावं हे सुचेना, तेव्हा 'भुंग्याच्या निवासाकरिता' असं खरं खरंच लिहिलं. साहेबांनी न वाचता सही केली. बाबूरावांनी गोळा उजेडात फिरवून पाहिला, त्यातल्या एका कपट्यावरची अर्धी उर्दू सही ओळखली, "आमचे पेशकारसाहेब! काय वळणदार हात होता!" म्हणत डोळे टिपले आणि मग अट घातली, "काम झालं की दाखल करायचं. जसंच्या तसं."

राहता राहिलं विरलेलं कापड. इथंच सगळा घोटाळा झाला.

अप्पांच्या घरात तसं कापडच नव्हतं. दोन माणसांचं घर. धोतरं नि लुगडी झिजायची, पण विरायची नाहीत. कापड विरायला त्याच्यावर लेकरं लोळावी लागतात, त्यानं नाकं पुसावी लागतात, ते दिवसातून चारदा पिळून वाळत घालावं लागतं. म्हणून अप्पा गेले मथुराबाईंकडं. मथुराबाई म्हणजे गल्लीतली सर्वांत लेकुरवाळी. त्यांच्या आढ्याला टांगलेला पाळणा कधी खाली उतरला नाही; लेकरांचा झाला, मग नातवंडांचा सुरू झाला.

"मथुरामावशी," अप्पा छत्रीची मूठ चाचपत म्हणाले, "जरा नाजूक काम होतं. एखादं जुनं लुगडं मिळेल? लई मऊ पाहिजे, विरलेलं. आणि आमच्या घरात बोलू नका इतक्यात."

आता तुम्हीच सांगा. आमच्याकडं जन्मणाऱ्या लेकराच्या अंगाला पहिल्यांदा नवं कापड लावत नाहीत. लेकुरवाळीच्या घरचं जुनं, मऊ लुगडं मागून आणतात आणि त्याची दुपटी-लंगोट करतात. आणि पहिले काही महिने कुणी वाच्यता करत नाही. हे सगळं अप्पांना माहीत नव्हतं असं नाही. पण ते माहीत असण्याची वेळच त्यांच्या घरावर कधी आली नव्हती, म्हणून ते ध्यानात आलं नाही.

मथुराबाई क्षणभर त्यांच्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी दोन्ही हातांनी अप्पांच्या अंगावरून ओवाळून कडाकडा बोटं मोडली. "येडेश्वरीनं डोळं उघडलं गं बाई!" म्हणत आत गेल्या आणि सायीसारखं मऊ एक लुगडं आणून त्यांच्या हाती दिलं. भुंग्यासाठी एवढी माया बघून अप्पा भारावून गेले. येडेश्वरीचा भुंग्याशी काय संबंध, हे विचारायचं मात्र राहून गेलं.

मथुराबाईंच्या पोटात ही गोष्ट रात्रभरही राहिली नाही. दुसऱ्या दिवशी अप्पा कचेरीत शिरतात तो बाबूरावांनी त्यांना मिठीच मारली. "अप्पा, पेढे!"

अप्पांना वाटलं, उंदराच्या घराचे. सरकारी कामात मंजुरीला पेढे मागतात हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी शिपायाकडून पेढे आणवले. हेडक्लार्कांनी, जे कधी मान वर करून बघत नसत, उठून आपली खुर्ची दिली. "आता घरात जपा. वहिनींना घागर उचलू देऊ नका."

"त्यांना अजून काही माहीत न्हाई," अप्पा लाजून म्हणाले. "एकदम दाखवणार आहे."

हेडक्लार्क घोटभर पाणी प्याले आणि नंतर दिवसभर अप्पांकडं चोरून बघत राहिले.

संध्याकाळी अप्पा घरी आले तर दारात ही चपलांची रास! ओसरीवर साऱ्या गल्लीतल्या बायका. मधे शिवकांताबाई, आणि त्यांच्यापुढं जुन्या मऊ कापडांचा ढीग. कुणी आजीच्या वेळचं लुगडं आणलेलं, कुणी धुवट धोतर, कुणी बारक्या टोपड्याचं कापड. सगळ्यांत पुढं कमलबाई. त्यांनी आपल्या माहेरचं जपून ठेवलेलं इरकल आणलं होतं आणि त्या ढसाढसा रडत होत्या.

"जीभ जळो माझी! म्या काय बोलून बसले तुमाला! देवानं माझ्याच तोंडात हाणली. घ्या बाई, न्हाय म्हणू नका. लेकराला ह्याचंच पहिलं दुपटं करा."

अप्पांच्या डोक्यात एकदम सगळा उजेड पडला. मथुराबाईंनी ओवाळलेलं, पेढे, हेडक्लार्कांची खुर्ची. ते उंबऱ्यातच थांबले. त्यांनी शिवकांताबाईंकडं बघितलं. त्यांचा चेहरा आधी कोरा होता. मग त्यात काहीतरी उजळलं, अगदी डोळ्याचं पातं लवतंय न लवतंय तोवर, बाहेरून आलेली ही बातमी खरी असेल तर, असं त्यांच्या मनात येऊन गेलं असावं. आणि मग ते विझलं. ते अप्पांनी पाहिलं. आपण त्या रामलिंगाच्या दरीत पडून मेलो असतो तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

"तसं काही न्हाई, कमलबाई," शिवकांताबाई शांतपणे म्हणाल्या. "मला काही माहीत न्हाई. ह्यांनाच विचारा."

सगळ्या माना दाराकडं वळल्या. अप्पांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "भुंग्यासाठी," ते म्हणाले.

"कुणासाठी?" मथुराबाईंनी विचारलं.

"भुंगा. त्याची पेटी केलीय, तीत मऊ अंथरूण लागतं. तो आला की वेलाला भोपळा धरतो. तसं सरकारी पुस्तकात आहे."

एरवी ह्या बोलण्यावर गल्ली वर्षभर हसली असती. पण त्या संध्याकाळी कुणी हसलं नाही. कमलबाईंना कुठं बघावं कळेना. त्या आपलं इरकल धरून तशाच बसून राहिल्या. शेवटी मथुराबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "पाळण्यासाठी दिलेलं माघारी नेत न्हाईत. ऱ्हाऊ दे पोरी तुझ्यापाशीच," असं म्हणून त्यांनी शिवकांताबाईंच्या डोक्यावर हात ठेवला आणि बाकीच्यांना घेऊन निघून गेल्या.

अप्पा ओसरीच्या कडेला बसले. "चुकलं माझं," ते म्हणाले. "लई चुकलं."

"चिंध्या पाहिजे होत्या तर मला मागायच्या होत्या."

"तू वेलाचं नाव काढू नको म्हणालीस."

"पण कशाला पाहिजे होता तुम्हाला भोपळा? बाजारात काय मिळत न्हाई?"

"तुझ्या हातचा पाहिजे होता," अप्पा म्हणाले. "त्या दिवशी त्या बोलल्या ते मी ऐकलं. मला सहन झालं न्हाई."

शिवकांताबाईंनी ढिगातलं एक मऊ लुगडं ओढून घेतलं, एक टोक दातांत धरून टर्रकन फाडलं आणि धागे काढायला लागल्या. "आणा ती पेटी इकडं. तुमचं काम म्हणजे... घालायचं तर नीट घाला." थोड्या वेळानं त्यांनी पेटीत डोकावून विचारलं, "हा केर कसला?"

"केर न्हाई, मिसल आहे. परत दाखल करायचीय." तेव्हा कुठं त्या पदर तोंडाला लावून हसल्या.

एवढं अंथरूण झालं, की एखाद्या जहागीरदाराच्या भुंग्यालाही संकोच वाटावा. शेवाळ, धागे, मधोमध पेशकारसाहेबांची अर्धी सही. पेटी मांडवाखाली टांगली. पण एकाही भुंग्यानं त्या भोकाकडं ढुंकून पाहिलं नाही. अप्पा कचेरीतून आले की भोकाला डोळा लावायचे. गल्लीतल्यांनी सल्ले दिले: आत गुळाचा खडा ठेवा, भोक पूर्वेला करा, भुंग्याला उर्दू कागद चालत नसेल, तो बदला.

मग एका सकाळी शिवकांताबाईंनी हाक मारली, "अहो, हे बघा!" पेटीखाली पिवळाधमक भुसा पडला होता. पेटीच्या तळाच्या फळीला, सुतारानं गिरमिटानं पाडावं तसं गोल भोक होतं, आणि त्यातून एक काळाकुळकुळीत, निळसर पंखांचा भुंगा मागं सरकत सरकत आणखी भुसा बाहेर ढकलत होता. सरकारी दारातून येणं त्याला मंजूर नव्हतं. अंथरुणाला त्यानं शिवलंही नव्हतं. त्याला आंब्याची फळी तेवढी आवडली होती.

नारायणरावांनी येऊन तपासणी केली. "शास्त्रीयदृष्ट्या हा तो भुंगा नव्हे. तो केसाळ. हा लाकूड पोखरणारा."

"हा आमच्याकडचा," अप्पा म्हणाले.

तेवढ्यात आमच्याकडचा भुंगा बाहेर आला, घोंघावत फुलात शिरला आणि पाठ पिवळी करून दुसऱ्या फुलात गेला. शिवकांताबाईंनी घागर उचलली आणि वेलाला पाणी घातलं.

फळ धरलं. सुपारीचं लिंबू झालं, लिंबाचा नारळ झाला. पण धरलं कुठं, तर भिंतीपलीकडं, कमलबाईंच्या बाजूला! अप्पांची झोप उडाली. आपल्या अंगणात लोंबलं ते आपलं, असा कमलबाईंचा बाणा. अप्पांच्या शेवग्याच्या शेंगा त्या हक्कानं तोडून न्यायच्या. पण पलीकडून काही आवाज येईना. एकदा अप्पांनी स्टुलावर चढून पलीकडं पाहिलं. भोपळ्याखाली कमलबाईंनी शिडी लावून वर गोणपाट नि कडबा अंथरला होता, आणि हातात काठी घेऊन त्या वानरं हाकलत बसल्या होत्या. अप्पा आवाज न करता खाली उतरले.

दिवाळी उलटल्यावर एका सकाळी कमलबाई दारात आल्या. लेकरू घ्यावं तसा तो भोपळा त्यांनी कडेवर घेतला होता आणि खाली इरकलाची झोळी केली होती. चांगलाच जड होता; त्या धापा टाकत होत्या. "घ्या बाई, तुमचा तुमाला," म्हणून त्यांनी तो शिवकांताबाईंच्या हातांत दिला.

आमच्याकडं सबंध भोपळ्याला बायका पहिली सुरी लावत नाहीत. भोपळा म्हणजे घरातलं थोरलं लेकरू मानतात. अप्पांनी सुरी घेतली, हळदकुंकू लावलं आणि थांबले. शिवकांताबाईंनी भोपळ्यावरून एकदा हात फिरवला. अप्पांना वाटलं, ही नको म्हणणार.

"कापा," त्या म्हणाल्या. "सगळ्यांकडं द्यायचंय."

त्यांनी गूळ घालून घारगे केले. ज्या ज्या घरातून कापड आलं होतं त्या त्या घरी, बारशाच्या घुगऱ्या वाटाव्यात तसे स्वतः नेऊन दिले. बाबूरावांना घारग्यांबरोबर उंदराचं घरटंही परत गेलं. त्यांनी ते तपासून घेतलं, एक कपटा कमी भरतो म्हणाले, पण दाखल करून घेतलं.

कमलबाईंच्या घरी शिवकांताबाई सगळ्यांत शेवटी गेल्या. कमलबाईंनी घारगा हातात धरला, पण तोंडात घातला नाही.

"बी ठिवलंय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"ठेवलंय राखेत. देते तुम्हाला."

"नुसतं देऊ नका." कमलबाईंनी घारगा खाली ठेवला. "आमच्या सुनेला दोनदा दिवस गेलं, दोनदा वाया गेलं. घरात कुणाचं मन लागंना. तुमी येऊन आमच्या परसात तुमच्या हातानं लावा. तुमच्याच हातानं."

शिवकांताबाई आपल्या हातांकडं बघत राहिल्या. त्यांना पीठ लागलेलं होतं, ते त्यांनी पदराला पुसलं.

"मृग निघू द्या," त्या म्हणाल्या. "येते."

आणि पुढं कितीतरी वर्षं, आमच्या गल्लीत कुणाच्या परसात वेल लावायचा झाला, की आधी शिवकांताबाईंना बोलावणं जायचं.